विदर्भात घरच्या भाजीसाठी ग्रीनहाऊस टाकावं का?

प्रश्न: नोकरीतून निवृत्त होऊन आर्वीजवळच्या आमच्या गावी परत आलो आहे. चुलतभावाच्या वावरातला विहिरीजवळचा अडीच गुंठ्यांचा तुकडा मक्त्यानं घेतलाय. इंग्लंडमधले लोक अशाच भाड्याच्या तुकड्यांवर भाजी पिकवतात, बाजूला काचेचं किंवा प्लास्टिकचं घर उभारतात, त्यात टमाटर आणि काकडी घेतात, असे खूप व्हिडिओ पाहिले. तसंच इथे करायची इच्छा आहे. ग्रीनहाऊस आधी बांधू की भाजी आधी लावू? घरापुरती भाजी वर्षभर निघेल का?

उत्तर:

भाजी आधी लावा. ग्रीनहाऊस यंदा नको, आणि पुढल्या वर्षीही व्हिडिओत पाहिलं तसलं नको.

मी तुमच्याच जिल्ह्यातला, हिंगणघाटकडचा. विहिरीच्या काठावर तीन गुंठे जागेत अकरा वर्षांपासून घरची भाजी करतो. त्यातल्या अर्ध्या गुंठ्यावर आता शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, आहे. सुरुवातीला माझ्याही डोक्यात प्लास्टिकचं घरच होतं आणि ते मी बांधलंही होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा अडीच गुंठ्यांचा आकडा वाचून बरं वाटलं. इंग्लंडमध्ये अशा तुकड्याचं जुनं माप दहा रॉड, म्हणजे साधारण अडीचशे चौरस मीटर. आपले अडीच गुंठे जवळजवळ तेवढेच. १९०८ च्या कायद्यानं तिथल्या स्थानिक मंडळांवर लोकांना असे तुकडे पुरवण्याची जबाबदारी टाकली, आणि एका कुटुंबाची भाजी त्यात निघावी हाच त्या मापामागचा हिशेब. तेव्हा जागा पुरेल, ती काळजी सोडा. फरक आहे तो उन्हाचा. तिथे उघड्यावरचं टमाटर थंडीनं पिकायचं राहून जातं, नाहीतर ओल्या हवेत करपा येऊन आठवड्याभरात झाड काळं पडतं. म्हणून काच. काचेतून ऊन आत येतं, तापलेली हवा बाहेर निघू शकत नाही, आणि आतला पारा बाहेरपेक्षा बराच वर राहतो. त्यांना तेच हवं असतं. आपल्याकडे मे महिन्यात वर्धा, नागपूर, चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. त्यात आणखी भर घालून कोणतं झाड जगवणार?

मी बांबूच्या कमानींवर प्लास्टिक ताणून जानेवारीत टमाटर लावलं होतं. फेब्रुवारीभर झाडं इतकी सुंदर वाढली की येणाऱ्या-जाणाऱ्याला आत नेऊन दाखवायचो. मार्चच्या शेवटी फुलं गळू लागली. रोज सकाळी वाफ्यावर पिवळा सडा. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं. शेजारच्या वावरातल्या काकू एक दिवस आत डोकावल्या आणि लगेच बाहेर आल्या. म्हणाल्या, "झाड तहानलं नाई भाऊ, त्याचा जीव गुदमरून रायला." दुसऱ्या दिवशी दुपारी थर्मामीटर टांगला. बाहेर ३८, आत ४७.

टमाटराचं झाड उन्हानं सहसा मरत नाही. पाणी असलं तर ते हिरवंगार उभं राहतं, आणि म्हणूनच फसायला होतं. दिवसाचं तापमान ३५ च्या आणि रात्रीचं २५ च्या पुढे राहू लागलं की फुलातले परागकण निकामी होतात, फळ धरतच नाही. ढोबळी मिरची तर याहून आधी फुलं टाकते. तेव्हा आपल्याकडे टमाटराचं वेळापत्रक हिवाळ्याचंच. ऑगस्टच्या शेवटी रोपं टाकायची, सप्टेंबरच्या अखेरीस लावायची, डिसेंबर ते मार्च खायचं. हस्ताचा पाऊस कोवळ्या रोपांना झोडपतो, तेवढे दोन आठवडे सांभाळले की पुढे काही अवघड नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या खर्चाच्या पॉलिहाऊसमध्ये जे टमाटर होतं, ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्या उघड्या वावरात फुकट होतं. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), मुळा, गाजर, फुलकोबी, पानकोबी, लसूण, वाटाणा, वालाच्या शेंगा, सगळ्यांचा हाच काळ. आपला हिवाळा हेच आपलं ग्रीनहाऊस आहे, असं मी मनापासून मानतो.

तुम्ही प्लास्टिक आधीच आणलं असेल तर फेकू नका, त्याची दोन कामं आहेत. जानेवारीच्या मध्यावर काकडी, दोडकं, कारलं, ढेमसं यांचं बी छोट्या पिशव्यांत लावा आणि रात्री वरून प्लास्टिक पांघरा. वेलवर्गाचं बी थंड मातीत नुसतं पडून राहतं, उबेत चार-सहा दिवसांत उगवतं. फेब्रुवारीत रोप जमिनीत गेलं की एप्रिलचं ऊन चढायच्या आत फळ हाती येतं. दुसरं काम एप्रिल-मेचं. जो वाफा उन्हाळ्यात रिकामा राहणार तो भरपूर भिजवा, त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीनं दाबा आणि चार ते सहा आठवडे हात लावू नका. वरच्या वीतभर मातीत तणाचं बरंचसं बी, रोपं कोलमडवणारी बुरशी आणि मुळांना गाठी करणारे सूत्रकृमी त्या वाफेत मरतात. प्लास्टिक पारदर्शकच हवं, काळ्याखाली माती तेवढी खोल तापत नाही. आपल्या उन्हाचा इतका चांगला उपयोग दुसरा मला माहीत नाही.

आता माती, आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण नवीन माणसाची भाजी आपल्याकडे बहुतेक वेळा इथेच जाते. आर्वीकडे काही ठिकाणी जमीन हलकी, मुरमाड आहे, पण तुमचा तुकडा काळ्या भारी मातीचा असेल असं धरून चालतो. ही माती कपाशीला जीव देते, पण भाजीच्या उथळ मुळांची परीक्षा पाहते. ओली झाली की फुगते, आतली हवेची वाट बंद होते, आणि मुळं श्वासावाचून सडू लागतात. वरून दिसतं काय, तर दुपारी पानं मान टाकतात. माणूस म्हणतो तहान लागली, आणि आणखी पाणी देतो. काळ्या मातीत भाजी पाण्यावाचून मेलेली मी कमी पाहिली, पाण्यानं मेलेली खूप पाहिली.

वाफसा ओळखायला शिका. खुरप्यानं चार बोटं खोल उकरा, तिथली माती मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटं माखली तर आज पाणी नाही. लाडू वळून अंगठ्याच्या दाबानं मोकळा फुटला, हात कोरडा राहिला, तर हाच वाफसा. खुरपणी करा, रोपं लावा. लाडू वळलाच नाही तर पाणी द्या. दुपारच्या पानांवर विश्वास ठेवू नका, सकाळी सातला झाड कसं दिसतं ते पाहा. सकाळीही मान खाली असेल आणि मुठीत लाडूही वळत नसेल तर मग खरी तहान.

म्हणून सपाट वाफे नकोत, गादीवाफे करा. तीन फूट रुंद, वीतभर उंच, दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाचा चर, आणि चराला तुकड्याच्या बाहेर नेणारा उतार. पावसाळ्यात हा चर तुमचं पीक वाचवतो. वाफ्यावर पाय ठेवायचा नाही, लहान मुलांनासुद्धा हे आधी सांगा. पूर्ण कुजलेलं शेणखत अडीच गुंठ्यांना पाच-सहाशे किलो लागेल, म्हणजे बंडीभर किंवा थोडं जास्त. कच्चं शेण टाकलं तर हुमणी आणि वाळवीला आमंत्रण. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, गावात कुणाकडेही मिळेल, ते झाडांच्या बुडाशी चार बोटं जाड पसरा. उन्हाळ्यात माती भेगाळत नाही, मुळं तुटत नाहीत, पाण्याची पाळी लांबते. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता असते. युरिया टाकून ती जात नाही.

पाण्याचा हिशेब आधी मांडा, मग काय लावायचं ते ठरवा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात भाजीला दिवसाला तीनेक मिलिमीटर लागतं असं धरलं तर अडीचशे चौरस मीटरला साडेसातशे लिटर. मे महिन्यात सहा ते आठ मिलिमीटर, म्हणजे दीड ते दोन हजार लिटर, तेही रोज. तुमच्या विहिरीला मेमध्ये किती पाणी असतं ते चुलतभावाला विचारा. बहुधा उत्तर येईल, "एका हौदापुरतं." मग उन्हाळ्यात पूर्ण तुकडा लावायचाच नाही. चौथा भाग लावा, बाकीच्यावर प्लास्टिक अंथरून माती तापू द्या. कृषी पंपाची लाइन हवी तेव्हा असेलच असं नाही, म्हणून हजार लिटरची एक टाकी चार-पाच फूट उंच ओट्यावर बसवा आणि तिच्यावरून ठिबकच्या नळ्या सोडा. एवढ्या लहान तुकड्याला त्या उंचीचा दाब पुरतो. नळ्या मात्र कमी दाबावर चालणाऱ्या घ्या आणि गाळणी रोज नाही तरी आठवड्याला धुवा.

हे सगळं एक वर्ष केलंत की शेडनेटचा विचार करा. जाळीचं काम काचेच्या नेमकं उलटं: ऊन अडवायचं आणि वारा जाऊ द्यायचा. आपल्याकडे ती तीन गोष्टींसाठी लागते. एप्रिल ते जून पालेभाजी, मे-जूनमध्ये पावसाळी वांगी आणि मिरचीची रोपं, आणि थोडी काकडी. विशेषतः सांबार. उघड्यावर मार्चनंतर ते चार पानांतच फुलावर जातं. जाळीखाली, धणे रगडून दोन फाकी करून, रात्रभर भिजवून पेरलेलं सांबार मेमध्येही कापायला मिळतं. त्या दिवसांत बाजारात एका जुडीचा भाव विचारला की जाळीचं मोल कळतं.

अर्धा गुंठा पुष्कळ झाला. पन्नास टक्के सावलीची जाळी घ्या. पंच्याहत्तर टक्क्यांखाली झाडं नुसती लांबट होतात, फुलं येत नाहीत. हिरवीपेक्षा पांढरी जाळी मला बरी वाटली, खाली उजेड चांगला राहतो. उंची दहा-बारा फूट ठेवा. सहा-सात फुटांवर जाळी टांगली की तापलेली हवा माणसाच्या आणि झाडाच्या डोक्यावरच कोंडते. आणखी एक गोष्ट, जी विकणारा सांगत नाही: मेमध्ये दुपारी दोननंतर ऊन वरून नाही, पश्चिमेकडून तिरपं येतं. पश्चिमेला जाळीचा पडदा नसेल तर छपराची सावली शेजारच्या वाफ्यावर पडते आणि झाडं उन्हात राहतात. मी तो पडदा तिसऱ्या वर्षी लावला, आणि त्या वर्षीपासून पालक टिकू लागला.

जाळी कायमची ठोकू नका. तारेवर कड्यांनी सरकेल अशी बांधा. पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत आणि हिवाळ्यात ती गुंडाळून ठेवायची, नाहीतर झाडं उजेडासाठी तरसतात आणि भुरी येते. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं. त्या दिवसांत संध्याकाळी जी वावटळ उठते ती अर्धवट बांधलेली जाळी खांबांसकट उचलते. आभाळ दाटलं की जाळी एका बाजूला ओढून घ्यायची.

जाळी चारी बाजूंनी बंद केली तर मधमाशी आत येत नाही, आणि वेलवर्गाला तिच्याशिवाय फळ नाही. एक तर परागीकरणाशिवाय फळ धरणारी काकडी लावा, नाहीतर नर फूल तोडून मादी फुलावर हातानं फिरवा. मादी फुलाच्या मागे इवलं फळ असतं, त्यावरून ओळखा. काकडी आणि कारल्याचं फूल सकाळी उमलतं, दोडकं आणि लौकीचं (दुधीचं) संध्याकाळी. वेळ चुकली तर मेहनत वाया. मी दोडकं आणि लौकी बाहेर मांडवावरच ठेवतो, तिथे त्यांचं उत्तम चालतं. गवार, बरबटी (चवळीच्या शेंगा), भेंडी, अंबाडी, ढेमसं यांनाही जाळीची गरज नाही, ही आपल्या उन्हाचीच लेकरं आहेत.

जाळीखाली दरवर्षी तेच पीक घेऊ नका. मी तीन वर्षं काकडी घेतली. चौथ्या वर्षी वेल बोटभर होऊन थांबले, उपटले तर मुळांना मण्यांसारख्या गाठी. सूत्रकृमी. वर्षभर झेंडू आणि लसूण लावून, निंबोळी पेंड घालून आणि मेमध्ये प्लास्टिक अंथरून ती जागा परत आणली.

अनुदानाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण गावात कुणीतरी सांगेलच. शेडनेटला अनुदान असतं, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर होतो, पण त्याला सहसा सातबारा स्वतःच्या नावाचा लागतो. तुमचा तुकडा मक्त्याचा. शिवाय ती योजना विक्रीसाठी शेती करणाऱ्यांच्या मोठ्या शेडनेटसाठी आहे. घरापुरत्या अर्ध्या गुंठ्याला बल्ल्या, तार आणि जाळी एवढंच पुरे.

किडीबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगतो. २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती औषधं गावोगाव कपाटात असतात, आणि "थोडं टमाटरावर मारून घे" म्हणणारा कुणीतरी भेटतोच. घरात खायच्या भाजीवर ती मारू नका. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, शंभर लिटर पाणी करा. तुमच्या तुकड्याला याच्या चौथ्या हिश्शात भागेल. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे, वांग्यातल्या अळीसाठी कामगंध सापळा, आणि किडका शेंडा दिसला की लगेच खुडून जाळायचा. कपाशी जुनी झाली की तिच्यावरची पांढरी माशी आणि फुलकिडे तुमच्याकडे येणार. तेव्हा टमाटर आणि मिरचीचं रोप पहिला महिना बारीक चाळीस मेशच्या जाळीत वाढवा. माशीनं आणलेला चुरडामुरडा एकदा आला की झाड सुधारत नाही.

आणि फवारणीचा पंप उसना आणू नका. एका वर्षी मी आणला, त्यात आधी तणनाशक होतं. दोनदा धुऊनही चौथ्या दिवशी टमाटराची पानं दोरीसारखी पिळवटली. चाळीस झाडं गेली.

डुक्कर आणि रोही (नीलगाय) रात्री येतात, त्यांना सौर झटका मशीनची तार थांबवते. वानरांना काही थांबवत नाही. ती जाळीवर उड्या मारतात आणि फाडतात. आमच्याकडे फळभाजी तयार होण्याच्या दिवसांत कुणीतरी राखणीला बसतं, एवढाच उपाय. म्हणून तुकडा घराजवळ किंवा माणसांच्या वहिवाटीजवळ असणं फार मोलाचं.

वर्षभर भाजी निघेल का? ऑक्टोबर ते मार्च इतकी निघेल की वाटावी लागेल. जुलै ते सप्टेंबर मांडवावरचे वेल, भेंडी, बरबटी. एप्रिलमध्ये काकडी, ढेमसं, गवार. मे आणि जून हे दोन महिने तुटपुंजे, जाळीखालचं सांबार-पालक आणि आधीच वाळवून ठेवलेल्या गवारी, वांग्याच्या फोडी, मुंगवड्या यांवर निघतात. आपल्या आयांनी हेच केलं.

पोळा आणि पाऊस झाला भोळा, म्हणतात. पोळ्यानंतर उघडीप मिळाली की वाफसा पाहून पहिले चार वाफे करा, सगळे नाही. एकावर पालक-मेथी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी, एकावर वांगी आणि मिरची, एकावर टमाटर, एक लसणासाठी राखा. रोपं ट्रेमध्ये कोकोपीटवर करा. टमाटराला २५ दिवस, वांग्याला महिना, मिरचीला त्याहून आठवडाभर जास्त. लावणी संध्याकाळी. वांग्याचं बी हायब्रीड न घेता गावात कुणाच्या परसात वर्षानुवर्षं चालत आलेलं काटेरी वाण असेल तर ते मागून आणा, भाजीची चव त्यातच आहे.

घोळीचं बी मात्र कुठे शोधू नका. शेणखतातून ती आपोआप येईल, वाफ्याच्या कडेनं लालसर देठांची पसरेल. तण म्हणून उपटून फेकण्याआधी एकदा घरात विचारा, डाळ घालून तिची भाजी करता येते.